‘याला गणित नसतं ना?’

प्रवेशाच्या दिवसांत कला शाखेच्या टेबलापाशी बसलं की एक प्रश्न हमखास येतो. मुलगी फॉर्म हातात धरून उभी असते, शेजारी आई किंवा मोठा भाऊ, आणि आई जरा पुढे वाकून हळू आवाजात विचारते, ‘‘मॅडम, अर्थशास्त्र घेतलं तर त्याला गणित नसतं ना?’’ बावीस वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देते आहे. पहिली दहा-बारा वर्षं मी तेच सांगत होते, जे मला माझ्या प्रवेशाच्या वेळी सांगितलं गेलं होतं. ‘‘फार नसतं. थोड्या आकृत्या असतात, त्या पाठ होतात.’’ ते उत्तर चुकीचं होतं. ते ऐकून ज्या मुली निर्धास्तपणे वर्गात आल्या, त्यांचं त्याने नुकसान झालं, हे आज मला स्वच्छ दिसतं.

अर्थशास्त्राच्या पदवीला गणित लागतं. किती लागतं, हे मात्र कुठल्या दारातून आत शिरता यावर ठरतं. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्सला अर्थशास्त्र घ्यायचं तर बारावीला गणित असावं लागतं. तिथे अर्थशास्त्रासाठीच्या गणिती पद्धती, संख्याशास्त्र आणि प्राथमिक इकॉनोमेट्रिक्स हे सगळं पदवीच्या मूळ गाभ्यात आहे. आयआयटी मुंबईतही अर्थशास्त्राची पदवी आहे आणि तिथला प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून होतो. आपल्याकडे कला शाखेतून बी.ए. करणाऱ्या मुलाचा गणिताशी संबंध बहुधा दहावीच्या परीक्षेच्या दिवशी संपलेला असतो. वाणिज्य शाखेत अकरावीला गणित आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांतून निवड करता येते, आणि दहावीत हात पोळलेलं मूल कुठे जातं ते सांगायला नको. पुढे पदवीलाही गणिती पद्धतींचा पेपर अनेक ठिकाणी ऐच्छिक असतो. एकाच विषयाच्या पदव्या, नाव एकच, आणि आतला ऐवज इतका वेगळा की तीन वर्षांनी दोन पदवीधरांना एकमेकांची पुस्तकं वाचता येऊ नयेत.

गणित लागतं म्हणजे नेमकं काय लागतं? सरळ रेषेचं समीकरण, आलेखाचा चढ-उतार, कलनातलं विकलन, एकाहून अधिक चलांचं विकलन, थोडं सारणींचं काम, संभाव्यता, प्रमाण विचलन, सहसंबंध, रिग्रेशन. पदवीच्या पातळीवर यादी साधारण इथे संपते. यातलं बरंचसं बारावीच्या विज्ञान शाखेतलं मूल शिकलेलं असतं आणि उरलेलं वर्षभराच्या नियमित सरावात येतं. खडा चढ पुढे आहे, एम.ए.ला आणि त्यानंतर. तिथे सिद्धता वाचाव्या आणि लिहाव्या लागतात. पण पदवीचं गणित सामान्य बुद्धीच्या, मन लावून बसणाऱ्या कुठल्याही मुलाच्या आवाक्यातलं आहे, हे मी जबाबदारीने म्हणते. वर्गात ते घडताना पाहिलं आहे.

दहावीचं बालभारतीचं ‘गणित भाग 1’ उघडून पाहा. पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणं. त्यात क्रेमरची पद्धत आहे, निश्चयक आहेत. मग वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, जीएसटी आणि शेअर्सचं अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. आता प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्रातला पहिला मोठा धडा घ्या: मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तिथे भाव ठरतो. मागणीची एक रेषा, पुरवठ्याची दुसरी, अज्ञात दोन, भाव आणि नग. म्हणजे दोन चलांतील दोन रेषीय समीकरणंच ही. मुलीने ती पंधराव्या वर्षी सोडवलेली असतात. पण दहावीत तिला त्या ‘क्ष’ आणि ‘य’ला काही अर्थ आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि बी.ए.ला तिला मागणी-पुरवठा म्हणजे पाठ करायची एक फुली आहे असं सांगितलं गेलं. दोन्ही टोकं तिच्या हातात होती, गाठ मारायची राहिली.

कांद्याचं उदाहरण मी दरवर्षी घेते, कारण माझ्या वर्गातली निम्मी घरं ते जगतात. समजा बाजार समितीत एका दिवशी 100 क्विंटल आवक आहे आणि भाव क्विंटलला 2,000 रुपये. एकूण 2 लाख. पुढच्या हंगामात पीक चांगलं आलं, आवक 110 क्विंटल झाली आणि भाव 1,400 वर उतरला. एकूण 1 लाख 54 हजार. माल दहा टक्के वाढला, भाव तीस टक्के पडला, घामाचे पैसे 46 हजारांनी घटले. ‘‘पीक जास्त आलं की घरात पैसा कमी का येतो?’’ हा प्रश्न या मुलांनी लहानपणी जेवताना ऐकलेला असतो. त्याचं उत्तर ‘मागणीची लवचीकता’ या दोन शब्दांत आहे आणि लवचीकता म्हणजे दोन टक्केवारींचा भागाकार. एवढंच गणित. पण ते केलं नाही, तर ‘कांद्याची मागणी अलवचीक असते’ हे वाक्य परीक्षेत लिहिलं जातं आणि स्वतःच्या घराशी त्याचा काही संबंध आहे हे त्या मुलाला कधीच उमगत नाही.

याच उदाहरणावरून पुढे कलनापर्यंत जाता येतं. मागणीची सरळ रेषा घ्या: भाव म्हणजे 100 वजा नग. चाळीस नग विकले तर भाव साठ, जमा 2,400. पंचेचाळीस विकले तर 2,475. पन्नासला 2,500. पंचावन्नला पुन्हा 2,475. फळ्यावर हा तक्ता लिहीत गेलं की वर्गातून कुणीतरी ओरडतंच, ‘‘मॅडम, पन्नासला वळलं!’’ वळलं, म्हणजे आणखी एक नग विकल्याने होणारी भर शून्यावर आली आणि मग उलटी झाली. त्या ‘आणखी एक’चा हिशेब म्हणजे विकलन. आपल्या भाषेत त्याला ‘सीमांत’ हा फार नेमका शब्द आहे: सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती. काठावर उभं राहून एक पाऊल टाकलं तर काय होईल, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. लाग्रांजची गुणक पद्धत ऐकायला भीतीदायक वाटते, पण तिच्यातही हेच आहे. महिन्याच्या मोजक्या पैशांत डाळ, तेल, शाळेची वही आणि औषध बसवणारी बाई शेवटचा रुपया कुठे घालायचा याचा जो विचार करते, तो त्या समीकरणांत मांडलेला असतो, आणि तो गुणक म्हणजे आणखी एक रुपया हाती आला असता तर त्याचं मोल किती.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा प्रवेशाच्या टेबलावरचं गोड उत्तर दिल्यासारखं होईल. बारावीला गणितात नव्वद गुण मिळवलेली मुलंही अर्थशास्त्रात अडखळतात. त्यांना विकलन येतं, समीकरण सोडवता येतं. दिलेलं समीकरण सोडवणं त्यांनी शिकलेलं असतं. अर्थशास्त्र मागतं ते समीकरण मांडणं. जगातल्या एका गुंत्याकडे बघून यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, कशाला स्थिर धरायचं, आणि जे सोडलं त्यामुळे उत्तर कुठे लंगडं पडणार, हे ठरवणं. गणित खरं अवघड होतं ते इथे, आणि इथे कला शाखेचं मूल मागे नसतं. पुष्कळदा पुढेच असतं, कारण त्याला माणसांच्या व्यवहाराबद्दल बोलता येतं. त्याच्याकडे फक्त लिपी नसते.

संख्याशास्त्राचं तर मला कलनाहूनही अधिक अगत्य आहे. दादाभाई नवरोजी 1850च्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. पुढे त्यांनी हिंदुस्थानातल्या माणसाचं दरडोई वार्षिक उत्पन्न मोजलं आणि ते सुमारे 20 रुपये भरलं. प्रांताप्रांतांचे पीकपाण्याचे सरकारी आकडेच त्यांनी घेतले. पण ते आकडे वापरताना त्यांनी सरकारी कारकुनीतली एक चूक पकडली: जिल्ह्याजिल्ह्याचे दर एकत्र मिळवायचे आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं, कुठे किती पिकलं याचा विचारच करायचा नाही. लहान जिल्हा आणि मोठा जिल्हा एका पारड्यात. साधी सरासरी आणि भारित सरासरी यांतला फरक हा पदवीच्या पहिल्या वर्षाचा धडा. त्या धड्यावर एका साम्राज्याच्या भरभराटीचा दावा तपासला गेला. नंतर दादाभाईंनी तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याचा खर्च काढला आणि तो या 20 रुपयांशेजारी ठेवला. देशातल्या सामान्य रयतेला गुन्हेगाराइतकंही अन्न मिळत नाही, हे त्यांनी भागाकार करून दाखवलं.

आजही हाच धडा महागाईच्या आकड्यात बसलेला आहे. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार ग्रामीण भागासाठी 54.18 टक्के होता आणि शहरी भागासाठी 36.29 टक्के. भाजी-डाळ महागली की खेड्यातल्या घराला जो चटका बसतो तो शहरातल्या घरापेक्षा वेगळा का, हे या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. भार म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याला बातमीतली महागाई आणि आपल्या पिशवीतली महागाई यांचा मेळ लागत नाही. मग सरकार खोटं बोलतं किंवा आपलंच काही चुकतं, या दोनच निष्कर्षांवर तो पोचतो.

आणि गोखले! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात गणित शिकवलं, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक तयार केलं, आणि फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्रही शिकवलं. 1902 साली कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं तेव्हा सरकार सलग शिलकीचे अर्थसंकल्प मिरवत होतं. दुष्काळात देश होरपळलेला, आणि तिजोरीत शिल्लक. गोखल्यांनी आकडे उलगडले. रुपयाची किंमत कृत्रिमरीत्या चढवल्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेचा बोजा हलका झाला होता, पण रुपया घसरलेला असताना वाढवलेले कर तसेच ठेवले होते. शिल्लक म्हणजे समृद्धी नव्हती, गरजेपेक्षा जास्त काढून घेतलेला कर होता. त्याच भाषणात मिठाचा मुद्दा आहे. 1888 साली मिठावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. त्यानंतर लोकसंख्या वाढत असूनही मिठाचा खप थबकला, हे त्यांनी दाखवलं. आमच्या पाठ्यपुस्तकात अलवचीक मागणीचं ठरलेलं उदाहरण म्हणजे मीठ! भाव कितीही वाढला तरी लोक मीठ तेवढंच खातात, असं मुलं लिहितात. गोखल्यांच्या आकड्यांतला माणूस इतका गरीब होता की त्याने मिठावरही हात आखडला होता. लवचीकता ही वस्तूच्या अंगची गोष्ट नाही, ती घेणाऱ्याच्या खिशावरही अवलंबून असते, हे मी कुठल्याही इंग्रजी ग्रंथाआधी या मिठातून शिकवते.

मग पुण्यातलाच दारिद्र्यरेषेचा वाद. 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला 2,250 उष्मांक मिळतील एवढा खर्च हा त्यांचा निकष, आणि 1960-61 साली ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के व शहरांतले 50 टक्के लोक त्याखाली होते हा त्यांचा निष्कर्ष. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर मूलभूत आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत काम करून आलेला. त्यांचं म्हणणं असं, की एकाच निरोगी माणसाची गरज आणि खाणं रोज सारखं नसतं, शरीर स्वतःला जुळवून घेतं. सरासरी गरजेखाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी आहे असं म्हणता येत नाही. रेषा सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून तिथे आखा. तशी आखली की उपाशी लोकांची संख्या बरीच खाली येते. दांडेकरांनी याला ठाम विरोध केला. कोटी कोटी माणसं गरीब मोजायची की नाही, हे प्रमाण विचलन या एका कल्पनेवर येऊन ठेपलं होतं. मला यात दांडेकरांची बाजू अधिक पटते. कमी खाण्याशी जुळवून घेतलेलं शरीर कमी काम करतं, आणि ती किंमत कुठल्या तक्त्यात दिसत नाही. पण हे मत मला स्वतःचं म्हणून मांडता येतं ते सुखात्म्यांचा मुद्दा मला गणितासकट कळतो म्हणून. ज्याला तो कळत नाही त्याला दोघांपैकी एका थोर माणसावर विश्वास ठेवावा लागतो.

गणिताविरुद्धची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. आल्फ्रेड मार्शल 1865 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला माणूस. पण 1890च्या आपल्या ग्रंथात त्याने आकृत्या तळटीपांत घातल्या आणि समीकरणं परिशिष्टात, कारण सामान्य शहाण्या वाचकाला विषय कळावा ही त्याची इच्छा होती. 1947 साली पॉल सॅम्युअल्सनच्या ग्रंथाने चित्र पालटलं आणि गणित हीच विषयाची भाषा झाली. पुढे ती इतकी झाली की 2000 साली फ्रान्समध्ये अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच जाहीर निषेध केला: आम्हाला समीकरणं मिळतात, जग मिळत नाही. 2015 साली पॉल रोमरने, जो पुढे नोबेलचा मानकरी झाला, गणिताच्या आडून मतं खपवण्याच्या सवयीवर कोरडे ओढले. आणि आपल्याच घरातलं उदाहरण घ्यायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 1918चा लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध. त्यात बीजगणित नाही. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लावलेल्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणावर ठरतं. भांडवल नसलेल्या शेतकऱ्याला आहे ती जमीनही जास्त ठरू शकते, हे त्यांनी तर्काने दाखवलं.

हा निबंध मी वर्गात वाचते तेव्हा मुलं म्हणतात, ‘‘बघा, गणिताशिवाय जमलं.’’ मी म्हणते, पुन्हा वाचा. प्रमाण, एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलणं, शेवटच्या मात्रेचा परिणाम: हे सगळं गणितच आहे, चिन्हांशिवाय लिहिलेलं. मार्शलला समीकरणं परिशिष्टात टाकता आली कारण ती त्याच्या हातात होती. फ्रान्समधल्या मुलांना गणित जास्त झालं म्हणता आलं कारण ते त्यांनी शिकलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलीला तो नकार देण्याचा हक्कही मिळालेला नाही.

काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी. बी.ए.ला उत्तम गुण, प्रश्न विचारणारी, गावातल्या बचतगटाच्या कर्जफेडीवर स्वतः माहिती गोळा करून प्रकल्प केलेली. तृतीय वर्षाच्या जानेवारीत तिने एका नामांकित संस्थेच्या एम.ए. प्रवेशाच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ठेवल्या. पहिल्या पानावर विकलन, दुसऱ्यावर संभाव्यता. ‘‘मॅडम, हे अर्थशास्त्र आहे?’’ तिच्या आवाजात राग नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. तीन महिन्यांत जेवढं होईल तेवढं आम्ही केलं. तेवढं पुरलं नाही. ज्या घरात कुणी इंजिनिअर आहे, कुणी दिल्लीला शिकलंय, तिथल्या मुलाला गणित सोडू नको हे अकरावीतच कळतं. हिला ते सांगायचं काम माझं होतं.

‘गणित नसलेलं अर्थशास्त्र’ ही सवलत म्हणून दिली जाते. मिळते ती बंद होत जाणाऱ्या दारांची रांग. आर्थिक सेवेची परीक्षा, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आकडेवारीवर चालणाऱ्या कितीतरी साध्या नोकऱ्या. आणि त्याहून मोठं म्हणजे आपल्या तालुक्याबद्दलच्या अहवालातला तक्ता वाचून ‘हे चूक आहे’ म्हणण्याची ताकद. कमीपणाची भावनाही त्यातूनच येते. गणित मुलांसाठी, विज्ञानवाल्यांसाठी, शहरातल्यांसाठी, असं ऐकत वाढलेली मुलगी स्वतःला ‘माझं डोकंच तसं नाही’ म्हणू लागते.

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. अपूर्णांकांचे पाढे! बाजारात ते लागत म्हणून ते शिकवले जात, डोकं कसं आहे ते विचारून नाही. अर्थशास्त्रालाही आज काय लागतं ते शोधून तेवढं शिकवणं शक्य आहे. त्यासाठी पुस्तकं मराठीत हवीत, आणि ‘आंशिक विकलज’ असा शब्द छापून मोकळं होणारी नकोत, कांद्याच्या भावापासून सुरू होऊन त्या शब्दापर्यंत नेणारी हवीत. गणिताचा पेपर पहिल्याच वर्षी, सगळ्यांना हवा. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक ठेवला तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज तोच तो टाळणार. आणि तो गणित विभागातल्या सहकाऱ्याकडे सोपवून आपण बाजूला होणं बंद झालं पाहिजे. आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांपैकी अनेकांचं स्वतःचं गणित कच्चं आहे, कारण आम्हीही याच दारातून आलो. माझंही होतं. चाळिशीत मी एका अकरावीच्या मुलाची पुस्तकं घेऊन बसले, रात्री स्वयंपाक आटोपल्यावर, आणि सात-आठ महिन्यांत बाकावर बसण्याइतकी तयारी झाली.

आता प्रवेशाच्या टेबलावर तो प्रश्न आला की मी सांगते, ‘‘गणित असतं. दहावीचं पुस्तक रद्दीत दिलंय का?’’ बहुतेक घरांत ते धाकट्या भावंडासाठी जपून ठेवलेलं असतं. पहिल्या तासाला ते घेऊन यायचं. पहिलं प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं, ‘क्ष’च्या जागी क्विंटल लिहायचं आणि ‘य’च्या जागी भाव.